दूध तुटलेलं लेकरू आणि देवावरचा भरवसा

किनाराकन्या | १ ऑक्टोबर, रात्री १०.१०

आज बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण. संध्याकाळी आईला घेऊन मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले होते. फादरांनी बायबलमधल्या मत्तयच्या अठराव्या अध्यायावर प्रवचन केलं. तुम्ही बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात तुमचा प्रवेश होणार नाही. शेजारी बसलेल्या आईनं मान हलवली. ती ७१ वर्षांची आहे. मला एकदम रडू फुटलं, आणि ते भक्तीचं रडू नव्हतं.

आमचं घर वसईच्या किनाऱ्याला. वडील तांडेल होते, बोट चालवणारे. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाललं. त्या तीन वर्षांत आम्ही काय म्हणून करायचं ठेवलं नाही. बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेना, म्हणजे मागण्याची प्रार्थना, सांडोरला रेमेदी मातेकडे अनवाणी चालत, फेब्रुवारीत नाशिकला बाळ येशूच्या यात्रेला. एका वर्षी तर भाऊ स्वतः आला होता, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, बसमध्ये उलट्या करत. मागच्या वर्षी जुलैत तो गेला. ३६ वर्षांचा होता.

मयताच्या घरी जो येई तो एकच सांगे. देवाची इच्छा, आता लहान मुलासारखा भरवसा ठेवा. या वाक्याचा मला अजून राग आहे. मुलानं भाकर मागितली तर कोणता बाप त्याला दगड देईल, असं येशूच म्हणाला ना? आम्ही भाकरच मागितली होती.

आई मात्र रोज सात वाजता रोझरीला, म्हणजे जपमाळेला, बसते. आधी ती प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा मण्यांच्या फेरीआधी, भावाचं नाव घ्यायची. आता कुणाचंच घेत नाही. मी विचारलं, "आता काय मागतेस?" म्हणाली, "मागायचं काय? बसते त्याच्याजवळ."

ही हार आहे की विश्वास, मला कळत नाही. ज्यांनी यावर विचार केलाय त्यांनी सांगा, बालकासारखं होणं म्हणजे नक्की काय? सगळं चांगलंच होईल असे प्रतिसाद नकोत. राग मानू नका.

मीठागर | १ ऑक्टोबर, रात्री १०.४२

ताई, भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

मी जन्मानं कॅथलिक आहे, आता चर्चला क्वचित जातो. मला स्पष्ट वाटतं ते लिहितो. "लहान मुलासारखा भरवसा ठेवा" हे वाक्य बरेचदा समोरच्याचं रडणं थांबवण्यासाठी वापरलं जातं, कारण ते रडणं आपल्याला सोसत नाही. लहान मूल तर हक्कानं रडतं. मग त्याच्यासारखं व्हा म्हणायचं आणि रडू मात्र द्यायचं नाही, हे कसं?

दुसरं, सगळं देवावर सोडायचं तर माणसानं हातपाय हलवायचे कशाला? हा प्रश्न मला खरोखर पडतो.

नंदाखालचा मास्तर | २ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

किनाराकन्या ताई, मी बावीस वर्षं रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. तुमचा प्रश्न वाचून रात्री नीट झोप लागली नाही. उत्तर आहे असं म्हणत नाही. पण जिच्या सणाला तुम्हाला रडू आलं तिच्याबद्दल थोडं सांगू द्या, कारण आपण तिला गुलाबाची फुलं हातात घेतलेली गोड मुलगी करून ठेवलं आहे.

तेरेजा जन्मली २ जानेवारी १८७३ ला, फ्रान्समधल्या आलाँसाँ गावी. आईवडिलांना नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. तेरेजा साडेचार वर्षांची असताना आई स्तनाच्या कॅन्सरनं वारली. मग आईच्या जागी मानलेली मोठी बहीण पोलीन मठात गेली. पुढे तेरेजा स्वतः पंधराव्या वर्षी लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली आणि वर्षभरातच वडिलांची बुद्धी भ्रमिष्ट झाली. त्यांना तीन वर्षं मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. गावात लोक कुजबुजत, धाकटीही मठात गेली म्हणून बापाचं डोकं फिरलं. ज्या बापाच्या मांडीवर बसून ती देव शिकली त्या बापाचं हे झालं. तिनं काय कमी प्रार्थना केली असेल?

तेव्हा भरवशाच्या गोष्टी सांगणारी ही बाई लाडाकोडात राहून त्या सांगत नव्हती.

आता मुख्य मुद्दा. १८८६ चा नाताळ. ती तेव्हा तेरा वर्षांची, शेंडेफळ, शब्द लागला की रडणारी, आणि रडल्याबद्दल पुन्हा रडणारी. त्यांच्याकडे नाताळच्या रात्री चुलीपाशी मुलांचे बूट ठेवून त्यात खाऊ भरायची रीत होती. मध्यरात्रीच्या मिस्साहून घरी आल्यावर दमलेले वडील वैतागून बोलले, बरं झालं, हे शेवटचं वर्ष. तिनं जिन्यावरून ते ऐकलं. बहिणीला वाटलं, आता रात्रभर रडणार. तेरेजानं डोळे पुसले, खाली आली आणि वडिलांसमोर बसून हसत एकेक वस्तू काढली. ती म्हणते, त्या रात्री मी पोरपणातून बाहेर आले.

मी वर्गात मुलांना हीच गोष्ट आधी सांगतो. जिला आपण बालपणाची संत म्हणतो तिच्या आयुष्याचा मोठा दिवस हा बालिशपणा सुटल्याचा दिवस आहे. "आध्यात्मिक बालपण" हे नावही तिनं दिलेलं नाही. ती "छोटी वाट" म्हणायची. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२१ मध्ये तिच्यावर बोलताना आध्यात्मिक बालपण या शब्दांवर भर दिला आणि ते रूढ झालं. १७ मे १९२५ ला तिला संतपद मिळालं.

शेवटचं दीड वर्ष तर काळोखच होता. १८९६ च्या पवित्र आठवड्यात खोकल्यातून रक्त पडलं आणि ईस्टरच्या सुमाराला स्वर्ग आहे की नाही हेच तिला दिसेनासं झालं. तिनं स्वतःच्या रक्तानं विश्वासांगीकार, म्हणजे "मी विश्वास ठेवतो" ही प्रार्थना, लिहिला आणि तो कागद छातीशी बाळगला. ३० सप्टेंबर १८९७ ला क्षयानं गेली, २४ व्या वर्षी. ताई, तुमच्या रागाला तिच्याजवळ जागा आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

सुकाणू | २ ऑक्टोबर, दुपारी १.३०

मीठागर भाऊ, हातपाय हलवायचं विचारलंत म्हणून लिहितोय. मी कोळी, तीस वर्षं बोटीवर. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की आम्ही बोट काढत नाही. हंगामाच्या सुरुवातीला फादर येऊन बोटीवर पवित्र पाणी शिंपडतात, त्याच्या आधी आम्ही इंजिन खोललेलं असतं आणि जुने दोर टाकून नवे घातलेले असतात. देवावर भरवसा आहे म्हणून कोणी नांगराचा कुजका दोर ठेवत नाही. आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

मार्कच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यात एक बारकावा आहे, तो बोटीवर गेलेल्यालाच दिसेल. येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला होता. मागे सुकाण असतं. ती तांडेलाची जागा. शिष्यांतले काही जण पाण्यात वाढलेले, तो सुताराच्या घरचा, आणि झोपलाय कुठे तर सुकाणाजवळ.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही बाहेर होतो. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, हट्टानं आलेला. लाट नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, आत येत होती, खलाशी डबे घेऊन पाणी उपसत होते. पोराला मी माझ्या पायाशी बसवलं आणि कमरेला दोर बांधला. तासाभरानं बघतो तर जाळ्याच्या ढिगावर डोकं टाकून झोपलेला. किनाऱ्याला लागल्यावर विचारलं, "भीती नाही वाटली रे?" तर म्हणाला, "तुम्ही कुठे ओरडत होतात?"

मी आतून किती घाबरलो होतो ते त्याला आजही सांगितलेलं नाही. त्या दिवशी कोकणातली कितीतरी घरं उघडी पडली. त्या घरातली पोरंही बापाच्या भरवशावरच होती. म्हणून मी कुणाला "भरवसा ठेव, वाचशील" असं सांगत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पोर झोपलं ते समुद्राकडे बघून नव्हे.

बाय, तुझे वडील तांडेल होते म्हणतेस. तुलाही हे ठाऊक असणार.

दापोलीकर | २ ऑक्टोबर, रात्री ८.०५

मी वारकरी घरातला. बाहेरचा माणूस म्हणून वाचतोय, पण राहवलं नाही. लहानपण मागणं आम्हाला तुकोबांनी शिकवलंय आणि विठ्ठलाला आम्ही माउलीच म्हणतो. त्यामुळे इथली भाषा मला परकी वाटली नाही.

दक्षिणेतल्या वैष्णवांत एक जुना वाद आहे. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून बसतं, सुटलं तर पडतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून नेते. भक्त कशासारखा, मर्कटासारखा की मार्जारासारखा, यावर त्यांचे दोन पंथ झाले. तुमच्या तेरेजाबाई यातल्या कुठल्या?

नंदाखालचा मास्तर | २ ऑक्टोबर, रात्री ९.२०

दापोलीकर, फार नेमका प्रश्न विचारलात. हे मला माहीत नव्हतं, रविवारी वर्गात सांगणार.

तेरेजाची दोन चित्रं आहेत. त्या काळी श्रीमंतांच्या घरी लिफ्ट आली होती, तिला तिचं फार नवल होतं. ती म्हणते, परिपूर्णतेचा जिना चढण्याइतकी मी मोठी नाही, मला लिफ्ट हवी. ती तिनं बायबलच्या वचनांत शोधली, तर यशयाच्या ६६ व्या अध्यायात देव म्हणतो की आई लेकराला कुरवाळते तसा मी तुम्हाला धीर देईन. मग ती येशूला म्हणते, तुझे हात हीच माझी लिफ्ट. हे झालं मांजरीचं पिल्लू.

पण मठात नव्यानं आलेल्या एका बहिणीला ती वेगळं सांगते. नुकतं उभं राहू लागलेलं पोर जिन्याखाली उभं आहे, वर आई आहे. पोर पहिल्या पायरीवर पाय टाकायला बघतं, पडतं, पुन्हा पाय उचलतं. एक पायरीही चढत नाही. वरून देव बघत असतो आणि शेवटी स्वतः खाली येऊन उचलून नेतो. पण पाय उचलणं थांबवू नकोस, असं ती बजावते.

आमच्या धर्मसभेची (चर्चची) शिकवण दोन्ही धरून आहे. कृपा देवाची, पण आपला होकार आणि आपली धडपड त्याला हवी आहे. सुकाणू दादांचे नवे दोर म्हणजे हा उचललेला पायच.

मीठागर | २ ऑक्टोबर, रात्री ९.५१

सुकाणू काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझं हातपायांचं म्हणणं मागे घेतो. ताईंच्या प्रश्नाचं मात्र अजून झालेलं नाही. बाप खाली आलाच नाही तर?

वेंगुर्ल्याची नर्सबाई | ३ ऑक्टोबर, पहाटे ५.४०

किनाराकन्या बाय, मी रोझरी म्हणून उठले आणि तुला लिहायला बसले. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते, गावोगाव फिरून बाळंतपणं केली. तुझ्या आईचं वाक्य मला काल दिवसभर सोडेना.

तू दूध तोडताना बघितलंयस का? आमच्याकडे बायका कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावायच्या, कुणी कोरफडीचा गर. पोर सवयीनं तोंड लावतं आणि तोंड कडू होतं. ते मागे सरून आईच्या तोंडाकडे बघतं. ती नजर मी खूप घरांत पाहिली आहे. ही तीच का, असं विचारणारी. मग जे रडणं सुरू होतं ते तीन-चार रात्री, कधी आठ. ओरबाडतं, चावतं, आईला ढकलतं, आजीकडे नेलं तर आजीला नको म्हणतं आणि पुन्हा आईच हवी. आईही रडते, तिलाही पान्हा फुटत असतो, दुखत असतं. शेजारचे म्हणतात, किती दुष्ट. पोराच्या बाजूनं बघितलं तर खरंच आहे ते. कालपर्यंत मागितलं की मिळत होतं, आज त्याच जागी कडू आहे, आणि का ते समजण्याचं त्याचं वय नाही.

मग एक रात्र येते. पोर आईच्या कुशीत येतं, छातीवर गाल ठेवतं आणि दूध न मागता झोपतं. मी आयांना सांगायचे, आज दूध तुटलं हो. त्यानं पहिल्यांदाच आईला आई म्हणून धरलेलं असतं. आधी धरायचं ते भुकेपोटी.

स्तोत्रसंहितेतलं १३१ वं स्तोत्र काढून वाच. तीनच ओव्या आहेत. त्यात म्हणणारा सांगतो की माझा जीव माझ्यात आईजवळच्या दूध तुटलेल्या लेकरासारखा शांत आहे. तान्ह्या लेकरासारखा म्हटलेलं नाही. मी बरीच वर्षं हे वरवर वाचत होते. एका बाळंतिणीच्या घरून रात्री परत येताना एसटीत ते अचानक उलगडलं आणि मी माझा स्टॉप चुकवला. ही स्तोत्रं यरुशलेमच्या यात्रेला जाणारे लोक वाटेत म्हणत. आपण नाशिकला जातो ना, तसे. नवस घेऊन जाणाऱ्या माणसांच्या तोंडी हे स्तोत्र होतं.

आणि अब्राहामानं इसहाकाचं दूध तोडलं त्या दिवशी मोठी मेजवानी दिली, असं उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात आहे. आम्ही बाप्तिस्म्याला मेजवानी देतो, दूध तोडल्याचं कोण करतं?

एक गोष्ट नीट ऐक. तुझ्या भावाचं जाणं म्हणजे देवानं तुला शिकवायला लावलेला कडुलिंब, असं मी म्हणत नाही. तसं कोणी म्हटलं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. भाऊ का गेला हे मला सांगता येणार नाही. मी फक्त तुझ्या आईबद्दल बोलते आहे. ती हरलेली बाई नाही. आणि तू त्या आठ रात्रींतली आहेस. त्या रात्रींत रडणारं पोरही आईचंच असतं, आणि आई त्याला खाली ठेवत नाही.

आगाशीची सून | ३ ऑक्टोबर, सकाळी ११.०२

नर्सबाई मावशी, माझं बाळ दीड वर्षाचं आहे, सध्या हेच चालू आहे आमच्याकडे. वाचताना रडले. एक विचारते, मग आपण नोव्हेना करू नये का? मागणं कमी प्रतीचं आहे का? माझ्या सासूबाई दर बुधवारी जातात.

नंदाखालचा मास्तर | ३ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

छे छे, सासूबाईंना जाऊ द्या. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" ही येशूनंच शिकवलेली प्रार्थना आहे. मागणं हे लेकराचंच लक्षण. परक्याच्या दारात आपण असं मागत नाही.

मीठागर, तुम्ही विचारलंत, बाप खाली आलाच नाही तर? मी दोन दिवस यावर अडलो होतो. नर्सबाईंचं वाचल्यावर एक आठवलं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत मिळून "अब्बा" हा शब्द एकदाच आला आहे. येशू घरात बापाला जी हाक मारत असेल ती हाक. ती आली आहे मार्कच्या १४ व्या अध्यायात, गेथसेमनी बागेत. अब्बा, हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि प्याला दूर झाला नाही.

म्हणजे ताई, ज्या मुलानं पूर्ण भरवशानं मागितलं आणि ज्याला नाही मिळालं, तो पहिला तुमचा भाऊ नाही. आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावर तोच मोठ्यानं विचारतो, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? बालकासारखा भरवसा ठेवायला सांगणाऱ्यांनी हे ओरडणं त्यातून वगळू नये. तुम्हाला मयताच्या घरी जे सांगितलं गेलं त्यात ते वगळलं होतं. माझ्याही तोंडून लोकांच्या घरी असं बोलणं झालं असेल. त्याबद्दल मला आज खरंच वाईट वाटतंय.

दापोलीकर | ३ ऑक्टोबर, रात्री ९.१२

मावशी, तुमचा प्रतिसाद आमच्या हरिपाठाच्या मंडळात वाचून दाखवला तर चालेल का? आमच्यातही एक आई आहे, तिचा मुलगा गेलाय.

वेंगुर्ल्याची नर्सबाई | ४ ऑक्टोबर, पहाटे ५.३५

चालेल की. तिला माझा नमस्कार सांगा, आणि वाचून झालं की लगेच कुणी बोलू नका, तिला वेळ द्या.

किनाराकन्या | ९ ऑक्टोबर, रात्री १०.४८

आठ दिवस लिहिलं नाही. प्रतिसाद रोज वाचत होते. काही मोठ्यानं आईला वाचून दाखवले. सुकाणू काकांचा ऐकून ती म्हणाली की बाबाही वादळात कधी ओरडत नसत, घरी आल्यावर मात्र दोन दिवस कुणाशी बोलत नसत. हे मला माहीत नव्हतं.

नर्सबाईंचं वाचून दाखवल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तुझा भाऊ दूध तोडताना नऊ रात्री रडला होता आणि तू दोनच. मग भावाच्या लहानपणाच्या गोष्टी निघाल्या, त्याला जवळा किती आवडायचा, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी बूट चावतात म्हणून तो आल्तारापर्यंत कसा लंगडत गेला. तो गेल्यापासून आम्ही दोघी त्याच्या आजारपणाशिवाय दुसरं काही बोललोच नव्हतो.

माझा राग गेलेला नाही. मास्तरांनी क्रुसावरच्या ओरडण्याचं लिहिलं, ते मी कागदावर लिहून जपमाळेच्या डबीत ठेवलंय. सध्या माझी प्रार्थना तीच आहे.

आज कामावरून आल्यावर आईशेजारी चटईवर बसले, वर्षानंतर पहिल्यांदा. तिसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या दशकापर्यंत, मी उत्तरं देत होते असं आठवतं. लोकलनं उभ्यानं आले होते, कधी डोळा लागला कळलं नाही. जागी झाले तर डोकं तिच्या मांडीवर, अंगावर तिच्या पदराचं टोक, आणि तिचा हात माळेच्या शेवटच्या मण्यांवर. तेरेजाही प्रार्थनेत झोपायची ना, मास्तर? आईबापांना झोपलेली मुलंही आवडतात, असं काहीसं तिचं आहे, फादर म्हणाले होते.

मी ओशाळून उठायला लागले तर आई म्हणाली, "पड. तुझ्या वाटणीच्या नमो मरिया मी म्हटल्या."

उद्या शुक्रवार, दुःखाची रहस्यं. सातच्या आत घरी पोचायला ५.४० ची गाडी पकडायला हवी.